टेक्ससमधली चौऱ्याऐंशी घरे आणि न केलेली नोंदणी

पार्श्वभूमी

न्यू जर्सीतल्या एडिसन आणि आसपासच्या गावांत राहणाऱ्या बावीस कुटुंबांनी २०१६ च्या मे महिन्यात पैसे एकत्र करून ह्यूस्टनच्या एका उपनगरात ८४ सदनिकांचे जुने संकुल विकत घेतले. बहुतेक कुटुंबे मराठी. ओळख मंडळाच्या गणपतीतली, मुलांच्या मुंजी-वाढदिवसांतली. त्या दशकात अशा खरेद्या सर्रास होत. न्यू जर्सीत घरांच्या किमती आणि मालमत्ता कर झेपेनासे झालेले, टेक्ससमध्ये लोकवस्ती वाढती आणि राज्याचा आयकर नाही. दोघे-तिघे पुढाकार घेत, बाकीचे विश्वासावर पैसे घालत.

हे प्रकरण भागीदारांच्या संमतीने लिहिले आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. कायद्यातली कलमे, फी आणि मर्यादा मात्र खऱ्या आहेत.

रचना अशी होती. डेलावेअर राज्यात स्थापन केलेली मर्यादित भागीदारी. बावीस कुटुंबे मर्यादित भागीदार, म्हणजे जबाबदारी घातलेल्या पैशापुरती आणि कारभारात हात नाही. कारभार जनरल पार्टनरकडे. तोही माणूस नव्हता, पुढाकार घेणाऱ्या तिघांनी डेलावेअरमध्येच काढलेली एलएलसी, म्हणजे मर्यादित जबाबदारीची कंपनी होती. डेलावेअर कशाला? वकिलाकडे मसुदा तयार होता, आणि वर्षाला ३०० डॉलर भरले की ते राज्य पुढे फारसे काही विचारत नाही. भागीदारांपैकी एकही जण तिथे राहत नव्हता.

अमेरिकेत एका राज्यात स्थापन झालेली मर्यादित भागीदारी दुसऱ्या राज्यात परकी ठरते. तिथे धंदा करायचा तर त्या राज्याच्या सेक्रेटरी ऑफ स्टेटकडे (संस्थांची नोंदवही ठेवणारे राज्याचे कार्यालय) नोंदणी करावी लागते. टेक्ससमध्ये हे बिझनेस ऑर्गनायझेशन्स कोडच्या नवव्या प्रकरणात आहे. मर्यादित भागीदारीसाठी ३०६ क्रमांकाचा फॉर्म आणि ७५० डॉलर फी. काम अर्ध्या दिवसाचे.

ते झाले नाही. कर्ज देणाऱ्या बँकेच्या यादीत ही बाब होती, पण व्यवहार पुरा करायची घाई होती म्हणून तिच्यासमोर ‘नंतर पूर्ण करणे’ असा शेरा पडला. कर्ज मिळाले, किल्ल्या मिळाल्या, आणि ती यादी पुन्हा कोणी उघडली नाही. न्यू जर्सीतल्या हिशेबनिसाने ‘टेक्ससला आयकर नाही’ एवढ्यावर तिथली फाइल बंद केली. टेक्ससचा फ्रँचाइज टॅक्स, म्हणजे राज्यात धंदा करणाऱ्या संस्थांवरचा कर, मर्यादित भागीदारीलाही लागू होतो, ही गोष्ट सहा वर्षे कोणाच्या कानावर आली नाही.

२०१८ चा बदल

पहिली दोन वर्षे एक स्थानिक व्यवस्थापन कंपनी सगळे बघत होती. जाहिरात तिची, भाडेकरार तिच्या सहीने, दुरुस्तीला माणसे तिची. ती भाड्यातून आपला टक्का कापून उरलेले पैसे पाठवी. २०१८ च्या सप्टेंबरात तिघांनी हिशेब मांडला: हा टक्का वाचवला तर भागीदारांना वाटायला बरेच उरेल. कंपनीला रजा दिली, पगारावर एक मॅनेजर आणि एक मिस्त्री नेमला, संकुलातच ऑफिस थाटले आणि भाडेकरार थेट भागीदारीच्या नावाने सुरू केले.

भाडे जमा होत राहिले, मर्यादित भागीदारांना काहीच जाणवले नाही. पण राज्याच्या नजरेने पाहिले तर दूरवर बसून मालमत्ता बाळगणारी संस्था त्या दिवसापासून टेक्ससमध्ये नोकर ठेवून, दुकान मांडून बसली होती. माझ्या मते या प्रकरणातला सर्वांत महत्त्वाचा निर्णय हाच, आणि तो घेताना कायद्याचा मुद्दा चर्चेतही नव्हता. बैठकीच्या टिपणात फक्त खर्च वाचल्याचा आकडा आहे.

अडचण कशी उभी राहिली

फेब्रुवारी २०२१ मध्ये टेक्ससमध्ये ती कुप्रसिद्ध थंडीची लाट आली. वीज गेली, नळ गोठले आणि फुटले. संकुलातल्या दोन इमारतींत पाणी शिरले. विमा कंपनीने दाव्याची रक्कम निम्म्याहून कमी मान्य केली. प्लंबिंगच्या ठेकेदाराने बिल लावले, जनरल पार्टनरने ते फुगवलेले म्हणून अडवले. काही घरांत आठवडेच्या आठवडे गरम पाणी नव्हते. तरी भाडे पूर्ण मागितले जात होते आणि उशीर झाला की दंडही लागत होता.

करोनाकाळातली भाडेकरू न काढण्याची केंद्रीय बंदी ऑगस्ट २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उठवली. ऑक्टोबरात मॅनेजरने नऊ भाडेकरूंवर घर खाली करण्याचे दावे लावले. त्यातल्या तिघांच्या बाजूने मोफत कायदा सल्ला देणारी एक वकील उभी राहिली. तिने गरम पाण्याचा विषय नंतर काढला. आधी सेक्रेटरी ऑफ स्टेटच्या नोंदवहीत भागीदारीचे नाव शोधले. नाव नव्हते. कोडचे ९.०५१ कलम म्हणते की नोंदणी नसलेल्या परराज्यातील संस्थेला टेक्ससमधल्या धंद्यातून निघालेला दावा टेक्ससच्या न्यायालयात चालवता येत नाही. न्यायाधीशाने दावे थांबवून ठेवले: आधी नोंदणी करा, मग या.

इथे एक आठवड्याचे काम होते. पुढाकार घेणाऱ्या तिघांनी मात्र न्यू जर्सीतल्या आपल्या वकिलाला विचारले, आणि त्याने दोन पानी अभिप्राय दिला. त्याच कोडच्या ९.२५१ कलमात कोणत्या गोष्टी ‘धंदा करणे’ ठरत नाहीत याची यादी आहे: बँकेत खाते असणे, न्यायालयात दावा लढवणे, तीस दिवसांत संपणारा एखादा सुटा व्यवहार, आणि ‘याहून अधिक काही न करता’ मालमत्ता बाळगणे. आपण मालमत्ता बाळगतो, म्हणून आपल्याला नोंदणी नको, असा त्याचा निष्कर्ष. त्याच्याकडे टेक्ससची सनद नव्हती. ‘याहून अधिक काही न करता’ या अटीवर त्याने एकच वाक्य लिहिले, आणि पगारी मॅनेजरचा उल्लेख अभिप्रायात कुठेच नाही. त्याला तो कोणी सांगितला होता की नाही, यावर अजून दुमत आहे.

मंडळींचा दुसरा आधार भारतातला अनुभव होता. एका ज्येष्ठ भागीदाराने बैठकीत सांगितले, “अहो, आमची पुण्याची फर्म तीस वर्षं बिननोंदणीची चालली. दावा लावता येत नाही एवढंच. सरकार कधी दारात आलं नाही.” त्यांचे म्हणणे भारतापुरते खरे होते. १९३२ च्या भागीदारी कायद्यात नोंदणी ऐच्छिक आहे. न केल्याची मुख्य शिक्षा ६९ व्या कलमातली, करारावरून तिऱ्हाइतावर दावा लावता येत नाही ही. त्या बाबतीत आपला कायदा टेक्ससपेक्षा कडकच म्हणायला हवा: भारतात दावा लावल्यानंतर केलेली नोंदणी तोच दावा सहसा वाचवत नाही, तर टेक्ससमध्ये नोंदणी करून आलात की थांबलेला दावा साधारणपणे पुढे चालतो. पण टेक्ससच्या कलमाला दुसरी बाजू आहे. राज्याच्या ॲटर्नी जनरलने (सरकारचा मुख्य वकील) अर्ज केला तर न्यायालय अशा संस्थेला राज्यात धंदा करायला मनाई हुकूम देऊ शकते. शिवाय ९.०५२ प्रमाणे, वेळेवर नोंदणी केली असती तर जी फी आणि जे कर भरावे लागले असते ते सगळे, दंड-व्याजासकट, राज्य दिवाणी दंड म्हणून वसूल करू शकते. पुण्याच्या फर्मला या गोष्टीचा अनुभव असण्याचे कारणच नव्हते.

अभिप्राय हातात धरून महिने गेले. जानेवारी २०२२ मध्ये विमा कंपनीवर दावा दाखल केला. मार्चमध्ये तिच्या वकिलांनी नोंदणी नसल्याचा तोच बचाव घेतला. पॉलिसीप्रमाणे दावा लावायची मुदत दोन वर्षे आणि एक दिवस. हा दावा निकालात निघाला आणि पुन्हा लावायला उशीर झाला, तर लाखो डॉलरवर पाणी.

जूनमध्ये बँकेचे पत्र आले की खात्यावर जप्ती आहे. प्लंबिंगच्या ठेकेदाराने आदल्या उन्हाळ्यातच दावा लावून एकतर्फी निकाल मिळवला होता. समन्स कुठे गेले? नोंदणी न करता धंदा करणाऱ्या संस्थेवरचे समन्स टेक्ससमध्ये सेक्रेटरी ऑफ स्टेटवर बजावता येते, आणि ते संस्थेवर बजावल्यासारखेच धरले जाते. ऑस्टिन या राजधानीतल्या त्या कार्यालयाने ते दावेदाराने दिलेल्या पत्त्यावर, म्हणजे एडिसनमधल्या तीन वर्षांपूर्वी सोडलेल्या ऑफिसात, रजिस्टर्ड टपालाने धाडले होते. नोंदणी असती तर टेक्ससमध्ये अधिकृत प्रतिनिधी नेमावाच लागला असता आणि कागद त्याच्या हातात पडला असता.

जुलैमध्ये ॲटर्नी जनरलच्या ग्राहक संरक्षण विभागाचे पत्र आले. भाडेकरूंच्या तक्रारी एकत्र करून कायदा सल्ल्याच्या त्या वकिलीणबाईंनी तिथे पाठवल्या होत्या. मुद्दे तीन. उशिराच्या भाड्यावरचा दंड: चारपेक्षा जास्त घरांच्या इमारतीत भाड्याच्या १० टक्क्यांपर्यंतचा दंड टेक्ससमध्ये वाजवी धरला जातो, त्यावर घ्यायचा तर तेवढा खर्च झाल्याचे दाखवावे लागते. इथे ८५० डॉलरच्या भाड्यावर १०० डॉलर आणि वर रोजचे दहा घेतले जात होते. दुसरा, घर सोडल्यावर तीस दिवसांत अनामत किंवा तिचा हिशेब न देणे. तिसरा, नोंदणीवाचून धंदा. सोबत दप्तर तपासणीची मागणी होती, कोडच्या बाराव्या प्रकरणाखाली. ती साधी विनंती समजू नये. नाकारली तर संस्थेचा राज्यात धंदा करण्याचा हक्क जातो, आणि जबाबदार व्यवस्थापकावर फौजदारी गुन्हाही होऊ शकतो. (या अधिकाराला पुढे एल पासोतल्या ॲनन्सिएशन हाउस या स्थलांतरितांना आसरा देणाऱ्या संस्थेने आव्हान दिले. २०२५ मध्ये टेक्ससच्या सर्वोच्च न्यायालयाने ॲटर्नी जनरलच्या बाजूने कौल दिला.)

पहिल्या दोन मुद्द्यांवर वाद घालता आला असता: किती भाडेकरू, किती रक्कम, खर्च किती झाला. तिसऱ्यावर राज्याला काही सिद्धच करायचे नव्हते. नोंदवहीत नाव नाही आणि जागेवर ऑफिसची पाटी आहे, एवढे पुरे. दाव्याच्या अर्जात सगळ्यात आधी कोणता मुद्दा येणार हे सांगायला वकील लागत नाही.

समोरचे पर्याय

मर्यादित भागीदारांनी आता स्वतःची बैठक बोलावली, ऑस्टिनच्या एका वकिलीणबाईंना नेमले आणि मला हिशेब तपासायला बसवले. पहिला प्रश्न सगळ्यांचा एकच: आमची घरे जातील का? नाही. केवळ नोंदणी झाली नाही म्हणून मर्यादित भागीदार भागीदारीच्या कर्जाला जबाबदार होत नाही, आणि भागीदारीने केलेले करारही त्यामुळे रद्द होत नाहीत. हे ऐकल्यावर बैठकीतला आवाज खाली आला आणि मग पर्यायांवर बोलता आले.

लढायचे. केंद्रीय कायद्याचा मुद्दा काहींना आकर्षक वाटत होता: आंतरराज्य व्यापारावर राज्याला असा अडथळा घालता येत नाही. १९७४ च्या ॲलेनबर्ग कॉटनच्या खटल्यात मिसिसिपी राज्याने टेनेसीच्या कापूस व्यापाऱ्याला नोंदणी नाही म्हणून न्यायालयाचे दार बंद केले होते आणि अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ते चुकीचे ठरवले. पण तो कापूस मिसिसिपीत विकत घेऊन बाहेर जाणारा माल होता. ह्यूस्टनमधली खोली ह्यूस्टनमध्येच राहते, तिचा भाडेकरू आणि मॅनेजरही तिथेच. वकिलीणबाईंनी उलट १९६१ चा एलाय लिलीचा निकाल समोर ठेवला. इंडियानाची औषध कंपनी न्यू जर्सीत ऑफिस आणि माणसे ठेवून होती. तिला न्यू जर्सीने नोंदणी मागितली ते योग्यच ठरले. आपले प्रकरण या दुसऱ्या खणात बसते, हे मान्य करायला दोन बैठका लागल्या. फेडरल न्यायालयात जाण्याचीही सूचना आली. पण पक्षकार वेगवेगळ्या राज्यांचे नागरिक आहेत या आधारावर तिथे जाता येते, आणि राज्य स्वतः वादी असेल तर ते कोणत्याच राज्याचे नागरिक नसते. तो रस्ता तिथेच संपला.

साधी भागीदारी करायची. ही कल्पना एका निवृत्त इंजिनिअर काकांची, आणि वाटते तितकी विचित्र नाही. टेक्ससमध्ये नोंदणीचे हे बंधन मर्यादित भागीदारीला आहे, माणसांनी थेट केलेल्या साध्या भागीदारीला नाही. याची मुळे जुनी आहेत. १८६९ च्या पॉल विरुद्ध व्हर्जिनिया खटल्यात ठरले की इतर राज्यांच्या नागरिकांनाही समान हक्क देणाऱ्या राज्यघटनेच्या कलमातला ‘नागरिक’ म्हणजे कॉर्पोरेशन नव्हे, म्हणून राज्य तिला अटी घालू शकते किंवा बाहेर ठेवू शकते. माणसांना मात्र तसे बाहेर ठेवता येत नाही. १९१९ मध्ये फ्लेक्सनर विरुद्ध फार्सनमध्ये इलिनॉयच्या भागीदारांवर प्रतिनिधीमार्फत समन्स बजावू पाहणाऱ्या केंटकीला न्या. होम्स यांनी त्याच आधारावर अडवले. पुढे हा तर्क बराच सैल झाला, १९३५ मध्ये आयोवाच्या एका प्रकरणात बाहेरच्या व्यक्तीलाही तिथल्या ऑफिसमार्फत समन्स बजावणे ग्राह्य ठरले. पण नोंदणीच्या कायद्यांत ती फट अजून दिसते. मर्यादित जबाबदारी ही राज्याने दिलेली सवलत आहे आणि नोंदणी ही तिची किंमत. काकांची सूचना म्हणजे सवलत सोडून किंमत वाचवणे. चौऱ्याऐंशी भाडेकरूंच्या इमारतीत उद्या आग लागली तर प्रत्येक भागीदाराच्या राहत्या घरापर्यंत झळ येईल, एवढे सांगताच काकांनी स्वतःच ती मागे घेतली.

टेक्ससमध्ये नवी संस्था काढून मालमत्ता तिच्या नावे करायची. बँकेच्या करारात हस्तांतर झाल्यास सगळे कर्ज तत्काळ फेडण्याची अट होती. शिवाय मागची सहा वर्षे त्याने पुसली जात नव्हती, आणि चौकशी चालू असताना मालमत्ता हलवणे राज्याला कसे दिसेल हे उघड होते.

उशिरा का होईना, नोंदणी करायची आणि राज्याशी बोलायचे. यावर एकच खरा आक्षेप निघाला: नोंदणी केली की कुठल्याही कारणासाठी टेक्ससमध्ये आपल्यावर दावा लावता येईल का? तेव्हा मॅलरी विरुद्ध नॉरफोक सदर्न हा खटला सर्वोच्च न्यायालयात होता. जून २०२३ मध्ये ५ विरुद्ध ४ मतांनी निकाल लागला, की नोंदणी म्हणजे सर्व दाव्यांना संमती असे कायद्यातच लिहिणाऱ्या पेनसिल्वेनियाला तसे करता येते. टेक्ससच्या कायद्यात तसे थेट वाक्य नाही. आणि ज्या भागीदारीची एकमेव मालमत्ता टेक्ससमध्ये आहे तिच्यावर दावे दुसरीकडे कुठे लागणार?

फॉर्मवरची तारीख

ठरले ते शेवटच्या पर्यायाचे, पण खरी खडाजंगी फॉर्मवरच्या एका रकान्यावरून झाली. ३०६ नंबरच्या फॉर्ममध्ये टेक्ससमध्ये धंदा कधी सुरू केला ती तारीख लिहावी लागते. नव्वद दिवसांहून जास्त उशीर असेल तर दर वर्षाला किंवा वर्षाच्या भागाला ७५० डॉलर उशिराची फी.

जनरल पार्टनरपैकी एकाला २०२१ लिहायचे होते, ‘वादळानंतर आम्ही जास्त लक्ष घालू लागलो’ या कारणाने. वकिलीणबाईंनी कायद्यातली दोन वाक्ये वाचून दाखवली. जाणूनबुजून खोटा कागद दाखल करणे हा गुन्हा आहे. आणि मनाई हुकूम मागण्याची ॲटर्नी जनरलची जी दोन कारणे आहेत, त्यातले पहिले नोंदणी नसणे आणि दुसरे दिशाभूल करून मिळवलेली नोंदणी. म्हणजे पहिल्या खड्ड्यातून निघून दुसऱ्यात.

उरल्या दोन तारखा: मे २०१६ किंवा सप्टेंबर २०१८. दुसरीला खरा आधार होता. पहिली दोन वर्षे स्वतंत्र कंपनी कारभार पाहत होती, तोवर आपण ‘अधिक काही न करता’ मालक होतो असा युक्तिवाद प्रामाणिकपणे करता आला असता. फरक १,५०० डॉलरचा. वकिलीणबाईंनी २०१६ सुचवले. कारण असे: वर्षाचे भाडे साडेआठ लाख डॉलरच्या आसपास, आणि फ्रँचाइज टॅक्स शून्य ठरण्याची मर्यादा २०१६ मध्ये ११ लाख १० हजार, २०२२ मध्ये १२ लाख ३० हजार. कर कोणत्याच वर्षी लागत नव्हता. चुकले होते ते विवरणपत्र, प्रत्येकी ५० डॉलर दंडाचे. म्हणजे दोन जास्तीची वर्षे कबूल करण्याची किंमत फी पुरतीच, आणि बदल्यात राज्याशी वादाचा एक मुद्दा कायमचा मिटत होता. भाड्याचा आकडा दुप्पट असता तर मी हा सल्ला मानला नसता. मग प्रत्येक कबूल केलेल्या वर्षामागे कर, दंड आणि व्याज आले असते.

जनरल पार्टनर एलएलसीचीही नोंदणी करायची का, यावर मतभेद राहिले. कारभार तीच करत होती, म्हणून तिचाही फॉर्म भरला.

केलेली कारवाई

ऑक्टोबर २०२२ मध्ये दोन्ही नोंदण्या झाल्या. प्रत्येकी ७५० डॉलर फी आणि सात वर्षांचे ५,२५०. दोन्ही मिळून १२,०००. सहा वर्षांची विवरणपत्रे दोन्ही संस्थांची, दंड ६०० डॉलर. राज्याला थेट गेलेली रक्कम १२,६००. वकिलांचा आणि माझा खर्च पाच आकडी होता आणि पहिला आकडा एक नव्हता.

दप्तर तपासणीला नकार दिला नाही. भाडेकरार, दंडाचे खाते, अनामतीचे हिशेब वर्षवार लावून दिले. भागीदारांची व्यक्तिगत करपत्रे मात्र मागणीबाहेरची आहेत असे लेखी कळवले आणि विभागाने ते मान्य केले. कागद पाठवण्याआधी आम्ही स्वतःच जादा घेतलेल्या दंडाचा आकडा काढून दिला. कायदा भाडेकरूला बेकायदा दंडाच्या तिप्पट, वर १०० डॉलर आणि वकिलाची फी मागू देतो. आकडा त्यांनी शोधण्यापेक्षा आपण दिलेला बरा, यावर सगळ्यांचे एकमत होते.

ठेकेदाराशी तडजोड झाली, मूळ बिलापेक्षा जास्त देऊन. एकतर्फी निकाल उलटवायला जायचा खर्च त्याहून मोठा ठरला असता.

निष्पत्ती

राज्याने मनाई हुकूम मागितला नाही. का, याचा अंदाज त्यांच्या वकिलाच्या बोलण्यावरून येत होता. कार विकणाऱ्या परराज्यातील संस्थेला धंदा बंद करायला लावता येतो. घरमालकाला लावला तर चौऱ्याऐंशी कुटुंबांचे भाडे कोणी घ्यायचे, गिझर कोणी दुरुस्त करायचा? मनाईची धमकी इथे मनाईपेक्षा उपयोगी होती.

२०२३ च्या सुरुवातीला स्वेच्छेने कायदा पाळण्याची हमी ट्रॅव्हिस काउंटीच्या न्यायालयात दाखल झाली. अशी हमी म्हणजे गुन्ह्याची कबुली नव्हे, पण पुढे मोडली तर तीच उल्लंघनाचा प्रथमदर्शनी पुरावा होते. अटी: दंड दहा टक्क्यांच्या आत, जादा घेतलेले पैसे सोडून गेलेल्या भाडेकरूंनाही शोधून परत, अनामतीचा हिशेब मुदतीत, दुरुस्तीच्या तक्रारींची वही, आणि राज्याचा वकिली खर्च.

नोंदणीचे प्रमाणपत्र दाखल करताच विम्याचा दावा पुन्हा सुरू झाला आणि त्याच वर्षी तडजोडीने मिटला. थांबलेल्या दाव्यांपैकी बहुतेक भाडेकरू तोवर स्वतःच निघून गेले होते, थकबाकी बुडाली. संकुल २०२४ मध्ये विकले.

काय वेगळे करता आले असते

बँकेच्या यादीतला ‘नंतर पूर्ण करणे’ हा शेरा सगळेजण दाखवतात, पण मला तो दुय्यम वाटतो. असे शेरे प्रत्येक व्यवहारात असतात. २०१८ मध्ये व्यवस्थापन कंपनी सोडताना टेक्ससच्या वकिलाला एक प्रश्न विचारला असता तर तिथेच गोष्ट संपली असती. दुसऱ्या राज्यात पहिला पगारी माणूस नेमणे हा थांबून विचारण्याचा टप्पा आहे, मग संस्था कोणत्याही प्रकारची असो.

त्याहून महागात पडली ती ऑक्टोबर २०२१ नंतरची वर्षभराची दिरंगाई. न्यायाधीशाने उपाय सांगितला होता. त्याच आठवड्यात फॉर्म भरला असता तर फी पाऊण हजाराने कमी लागली असती हा भाग सोडा. जुलैच्या पत्रात तिसरा मुद्दाच नसता आणि पहिल्या दोन मुद्द्यांवर बोलताना भागीदारी उभी तरी राहू शकली असती. विमा कंपनीलाही तो बचाव मिळाला नसता. एवढ्या स्वस्त कामाला टाळण्यासाठी अभिप्राय का मागवला, हे विचारले तर तिघेही सांगतात की फॉर्म भरणे म्हणजे आधी चुकल्याची कबुली वाटली.

मर्यादित भागीदारांना कारभारात हात घालता येत नाही, पण प्रश्न विचारायला आणि हिशेब मागायला बंदी नाही. सहा वर्षांत बावीस कुटुंबांपैकी कोणीही टेक्ससच्या नोंदवहीत आपल्या संस्थेचे नाव शोधले नव्हते. एखादा डॉलर खर्चून हे कोणालाही घरबसल्या करता येते. भाडेकरूंच्या वकिलीणबाईंनी तेच केले.

एक गोष्ट माझ्या मते अजून मिटलेली नाही. एलएलसीची वेगळी नोंदणी करून आम्ही ६,००० डॉलर आणि तिची सहा विवरणपत्रे ओढवून घेतली. ती लागतच होती असे दुसरे दोन वकील म्हणाले, तिसरा नाही म्हणाला. पुन्हा वेळ आली तर चौकशी चालू असताना मी तेच करीन, शांततेच्या काळात कदाचित नाही.

विक्रीनंतर नोंदणी मागे घ्यायला कंप्ट्रोलरकडून, म्हणजे राज्याच्या कर खात्याकडून, कर चुकता असल्याचा दाखला लागतो. शेवटचे विवरणपत्र उशिरा भरले गेल्याने तो मिळायला आणखी काही आठवडे गेले, आणि तोवर विक्रीच्या पैशांतला शेवटचा हप्ता भागीदारांना वाटता आला नाही.